मुंगसाचे अनेकवचन

इंद्रायणीच्या काठी वसलेले देहू हे गाव संत तुकाराम महाराजांची जन्मभूमी म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ज्ञात आहे. तुकाराम महाराज ज्या भंडारा, भामचंद्र आणि घोराडा या डोंगरांवर एकांतात चिंतनास जाऊन बसत, ते डोंगर याच परिसरात आहेत. या डोंगरांच्या उतारांवर, नदीकाठच्या शेतांत आणि गावाभोवतीच्या कुंपणांत एक लहानसा रानटी प्राणी पूर्वापार राहत आला आहे. सकाळची उन्हे पसरू लागली की शेताच्या बांधावरून एक भुरकट आकृती झपझप पळत जाते. क्षणभर ती थबकते, मागच्या दोन पायांवर उभी राहून मान उंचावते, चहूकडे न्याहाळते, आणि पाहता पाहता झुडपात दिसेनाशी होते. पाहणारा उद्गारतो, "मुंगूस गेले!" मुंगसाचे मुखदर्शन शुभ असते अशी जुनी समजूत असल्यामुळे खेड्यातील मुले त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखविण्यास विनवीत.

हेच मुंगूस मुलांना शाळेत इंग्रजीच्या तासाला पुन्हा भेटते. इंग्रजीत त्याला 'मॉंगूस' म्हणतात. एकवचनावरून अनेकवचन करण्याचा पाठ चाललेला असतो. पाळीव हंसासारख्या एका पक्ष्याला इंग्रजीत 'गूस' म्हणतात आणि त्याचे अनेकवचन 'गीस' होते, हे मुलांनी नुकतेच पाठ केलेले असते. तेव्हा 'मॉंगूस'चे अनेकवचन विचारताच एखादा चलाख विद्यार्थी चटकन 'मॉंगीस' असे उत्तर देतो. उत्तर चुकीचे ठरते आणि वर्गात हशा पिकतो. वस्तुतः त्या विद्यार्थ्याने तर्क सोडलेला नसतो. त्याने नियम बरोबर लावलेला असतो. मात्र तो भलत्याच घराण्यातील शब्दाला लावलेला असतो. ही चूक का घडली हे समजून घ्यावयाचे, तर 'मॉंगूस' या शब्दाचे मूळ घर कोणते हे पाहिले पाहिजे. ते घर इंग्लंडात नाही. ते आपल्या दख्खनमध्येच आहे.

मुंगसाला संस्कृतात 'नकुल' म्हणतात. पांडवांपैकी चौथ्याचे नाव हेच होते. हिंदीतील 'नेवला' आणि गुजरातीतील 'नोळियो' ही नावे याच संस्कृत शब्दाच्या वंशातली आहेत. मराठी ही देखील संस्कृतोद्भव भाषा. परंतु या प्राण्यासाठी तिने 'नकुला'चे रूप स्वीकारले नाही. मराठी माणूस 'मुंगूस' म्हणतो, कन्नड माणूस 'मुंगुसि' म्हणतो, आणि तेलुगू बोलणारा 'मुंगिस' म्हणतो. आणखी दक्षिणेस तमिळनाडूत गेले की नाव पालटून 'कीरि' होते. म्हणजे 'मुंगूस' हा शब्द मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन शेजारी भाषांनी मिळून जोपासलेला, दख्खनच्या मातीतला शब्द आहे. शेतांच्या सीमेला लागून शेते असावीत आणि बांधावरच्या झाडाची फळे दोन्हीकडे पडावीत, तशीच शेजारी भाषांच्या शब्दांची गोष्ट असते.

हा शब्द परदेशी कसा गेला? इंग्रजीचे कोश 'मॉंगूस' या शब्दाचे मूळ मराठीत दाखवितात. तो पोर्तुगीज भाषेच्या द्वारे इंग्रजीत गेला असावा असेही काही कोशकार मानतात. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले. त्यानंतर कोकणपट्टीत मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्या लोकांशी त्यांचा नित्य व्यवहार सुरू झाला. व्यवहारात वस्तूंची देवघेव होते, तशीच शब्दांचीही होते. पोर्तुगीजांकडून मराठीला बटाटा, काजू, साबण, चावी, पगार असे कितीतरी शब्द मिळाले. आज ते परके आहेत अशी शंकाही कोणाला येत नाही. त्याचप्रमाणे इकडचे काही शब्द त्यांच्या जहाजांत बसून पश्चिमेकडे गेले. मुंगूस हा त्यांतलाच एक प्रवासी होय.

इंग्रजीत या शब्दाच्या ज्या अगदी आरंभीच्या नोंदी आढळतात, त्यांपैकी एक जॉन फ्रायर याच्या प्रवासवर्णनात आहे. फ्रायर हा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य. तो १६७३ साली हिंदुस्थानात आला. १६७५ साली जुन्नरच्या मोगल अंमलदाराने बोलाविल्यावरून तो मुंबईहून निघाला, सह्याद्रीचा घाट चढला आणि जुन्नरला पोहोचला. देहू आणि जुन्नर ही दोन्ही ठिकाणे आज एकाच पुणे जिल्ह्यात आहेत. तुकाराम महाराजांचे वैकुंठगमन १६५० साली झाले, त्याला तेव्हा पंचवीस वर्षे लोटली होती. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन एकच वर्ष झाले होते. फ्रायरने स्वदेशी परतल्यावर आपला प्रवासवृत्तांत १६९८ साली लंडन येथे प्रसिद्ध केला. त्यात त्याने मुंगसाचा उल्लेख केला आहे आणि ते फेरेटच्या जातीचे आहे असे सांगितले आहे. फेरेट हा उंदीर आणि ससे पकडण्यासाठी युरोपात पाळला जाणारा एक लांबट, चपळ प्राणी. अनोळखी वस्तू वाचकाला समजावून द्यावयाची तर त्याच्या ओळखीची वस्तू पुढे ठेवावी लागते. फ्रायरने तेच केले.

परंतु नुसत्या प्राण्याचीच नव्हे, तर नावाचीही ओळख पटवून घेण्याची माणसाला सवय असते. परभाषेतील शब्द कानावर पडला की जीभ तो आपल्या वळणावर नेते आणि मन त्यात आपला एखादा जुना शब्द शोधू लागते. छावणीतील पहारेकरी अंधारात कोणाची चाहूल लागली की 'हू कम्स देअर', म्हणजे 'कोण येत आहे', अशी इंग्रजी हाक देत असे. या हाकेचे देशी शिपायांच्या तोंडी 'हुकुमदार' झाले. 'हुकूम' त्यांच्या परिचयाचा होता आणि 'दार' हा प्रत्ययही परिचयाचा होता. दोन्ही जोडून त्यांनी परक्या ध्वनीला घरचा पोशाख चढविला. भाषाशास्त्रात अशा प्रकाराला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

इंग्रजांनी मुंगसाच्या बाबतीत हेच केले. आरंभी हा शब्द ते निरनिराळ्या प्रकारांनी लिहीत. पुढे शेवटच्या 'गूस' या ध्वनीला त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचा पक्षी दिसू लागला आणि त्या पक्ष्याच्या नावाचे स्पेलिंग या प्राण्याच्या नावात कायमचे जाऊन बसले. वास्तविक या चौपायाचा त्या पक्ष्याशी काडीचाही संबंध नाही. एका घराण्याच्या माणसाला दुसऱ्या घराण्याचे आडनाव चुकून चिकटावे, तसा हा प्रकार झाला.

आता वर्गातील त्या चुकीकडे वळू. इंग्रजीत बहुतेक नामांचे अनेकवचन शेवटी 'स' किंवा 'एस' असा प्रत्यय लावून होते. तथापि काही थोडे शब्द प्रत्यय न लावता आतला स्वर बदलतात. 'फूट' म्हणजे पाऊल, त्याचे 'फीट' होते. 'टूथ' म्हणजे दात, त्याचे 'टीथ' होते. आणि 'गूस'चे 'गीस' होते. ही रूपे इंग्रजीच्या फार प्राचीन काळातली आहेत. जे शब्द त्या भाषेच्या पूर्वजांपासून वारशाने आले, त्यांतल्या मोजक्या शब्दांनाच हा स्वरबदल लाभला आहे. 'गूस' हा असा अस्सल वारसदार आहे. एवढेच नव्हे, तर संस्कृतातील 'हंस' आणि इंग्रजीतील 'गूस' हे दोन शब्द एकाच आदिम मुळापासून निघाले आहेत, असे तौलनिक भाषाशास्त्र सांगते. म्हणजे 'गूस' हा हंसाचा दूरचा भाऊबंद. मुंगसाचा मात्र तो कोणीही नव्हे.

'मॉंगूस' हा इंग्रजीत अलीकडे आलेला पाहुणा. पाहुण्याला घरातील वडिलोपार्जित मिळकतीत वाटा मिळत नाही. त्याने घराचा रोजचा शिरस्ता पाळावयाचा असतो. म्हणून त्याचे अनेकवचन नेहमीच्या नियमाने 'मॉंगूसेस' असे होते. 'मॉंगीस' हे रूपही क्वचित कोणी वापरतात आणि एखाद्या कोशाने त्याची नोंदही घेतली आहे. परंतु शिष्टसंमत रूप 'मॉंगूसेस' हेच होय. लिहिताना आणि बोलताना विद्यार्थ्यांनी तेच वापरावे.

मराठीची रीतही याहून निराळी नाही. पोर्तुगीजांकडून आलेला 'बटाटा' मराठीत स्थिरावला आणि 'घोडा–घोडे' या आपल्या नियमाने त्याचे 'बटाटे' झाले. कोणत्या शब्दाचे अनेकवचन कसे करावे हे त्या शब्दाच्या जन्मभूमीवर अवलंबून नसते. तो सध्या ज्या भाषेच्या घरी नांदतो तिच्या व्याकरणावर ते अवलंबून असते.

मग स्वगृही, म्हणजे मराठीत, मुंगसाचे अनेकवचन कसे होते? मराठीत 'मुंगूस' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. आपण 'ते मुंगूस' म्हणतो. 'लाकूड'चे 'लाकडे' होते, 'माणूस'चे 'माणसे' होते, तसे 'मुंगूस'चे 'मुंगसे' होते. विभक्तिप्रत्यय लावतानाही मधला दीर्घ ऊकार लोपतो. 'कापूस–कापसाला', 'बेडूक–बेडकाला', 'मुंगूस–मुंगसाला'. 'मुंगूसाला' किंवा 'मुंगूसाचे' असे लिहिणे अशुद्ध होय. इंग्रजीतील चुकीला हसणाऱ्याने आपल्या वहीतील ही चूकही एकदा तपासून पाहावी.

मुंगसाचे नाव इंग्रजीपाशीच थांबले नाही. फ्रेंच लोक त्याला 'मांगूस्त' म्हणतात, जर्मन लोक 'मुंगो' म्हणतात, आणि जपानी लोक 'मांगूसु' म्हणतात. शास्त्रज्ञांनीही हा शब्द उचलला. सर्व प्राणिमात्रांना आणि वनस्पतींना लॅटिन धाटणीची नावे देण्याची जी पद्धत आहे, तिच्यात आफ्रिकेतील पट्टेरी मुंगसाचे शास्त्रीय नाव 'मुंगोस मुंगो' असे आहे. मौज अशी की हा पट्टेरी प्राणी भारतात मुळीच आढळत नाही. तरी त्याच्या नावात दख्खनचा शब्द एकदा सोडून दोनदा आला आहे. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली एका वनस्पतीलाही 'ओफिओऱ्हायझा मुंगोस' असे नाव दिले. या नावाच्या पहिल्या पदाचा अर्थ 'सर्पमुळी' असा आहे. सापाशी झुंजताना मुंगूस जखमी झाले की ते रानात जाऊन एक औषधी मुळी खाते आणि विषमुक्त होते, अशी जी समजूत आपल्याकडे खेडोपाडी ऐकू येते, ती थेट युरोपातील विद्वानांच्या ग्रंथांपर्यंत पोहोचली होती, हे या नावावरून दिसते.

ती समजूत मात्र खरी नाही. मुंगूस सापाला मारते ते मुळीच्या बळावर नव्हे, तर चपळाईच्या बळावर. झुंजीच्या वेळी ते अंगावरील राठ केस फुलविते, त्यामुळे त्याचे शरीर आहे त्याहून मोठे दिसते. नाग फणा मारतो, तेव्हा मुंगूस अंग चुकविते. दंश पुष्कळदा फुललेल्या केसांवरच जातो. असे वारंवार झाल्यावर नाग थकतो. ती संधी साधून मुंगूस त्याचे डोके जबड्यात पकडते. शिवाय त्याच्या शरीरातच एक नैसर्गिक कवच आहे. नागाचे विष स्नायूंतील ज्या जागी जाऊन चिकटते, त्या जागेची घडण मुंगसाच्या शरीरात थोडी निराळी असते. त्यामुळे ते विष तेथे नीट चिकटू शकत नाही. तरीही हे संरक्षण संपूर्ण नव्हे. पुरेसे विष भिनले तर मुंगूसही मरते.

मुंगूस आणि साप यांच्या या झुंजीची छाप भाषेवर खोल उमटली आहे. दोन माणसांचे मुळीच पटत नसले तर त्यांचे 'सापमुंगसाचे वैर' आहे असे आपण म्हणतो. संस्कृतात याच अर्थी 'अहिनकुल' हे उदाहरण प्रसिद्ध आहे. पाणिनीच्या व्याकरणात एक सुंदर नियम आहे. ज्या प्राण्यांचा विरोध कायमचा आहे, त्यांच्या नावांचा द्वंद्व समास एकवचनी होतो. म्हणून साप आणि मुंगूस हे दोन असूनही 'अहिनकुलम्' असे एकवचन वापरतात. एरवी दोन मित्रांनाही द्विवचन लागते. पण या दोन वैऱ्यांना मात्र व्याकरणाने एकाच वचनात बांधून टाकले!

इंग्रजी वाचकांच्या मनातही हा प्राणी सापाचा वैरी म्हणूनच ठसला. मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाने आपल्या 'द जंगल बुक' या १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एका मुंगसाची कथा सांगितली. ते मुंगूस आपल्या पालनकर्त्या कुटुंबाला नागाच्या जोडीपासून वाचविते. या कथेने जगातील असंख्य बालकांना मुंगसाचे नाव परिचित करून दिले. आज इंग्रजीत 'मॉंगूस' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम साप उभा राहतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. साप हे मुंगसाचे रोजचे अन्न नव्हे. दख्खनच्या पठारावर सर्वत्र आढळणारे करडे मुंगूस दिवसभर जे खाते, त्यात किडे, उंदीर, सरडे, पाली, पक्ष्यांची अंडी, विंचू आणि प्रसंगी फळेही असतात. ते दिवसा हिंडते आणि रात्री बिळात विश्रांती घेते. शेतातील उंदीर आणि कीटक कमी करून ते शेतकऱ्याचे बहुत काम विनामूल्य करीत असते. परंतु कीर्ती नेहमी एकाच पराक्रमावर उभी राहते, आणि कीर्तीच्या झगमगाटात प्राण्याचे खरे जीवन झाकले जाते. शब्द ऐकला, कीर्ती ऐकली, आणि प्राणी मात्र नीट पाहिला नाही, असे झाले म्हणजे काय अनर्थ ओढवतो, याचा एक धडा इतिहासात आहे.

वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर उसाचे मोठे मळे होते. तेथे उंदरांनी उभ्या उसाची नासाडी चालविली होती. एस्प्यूट नावाच्या एका मळेवाल्याने १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे जहाजाने मागविली आणि बेटावर सोडली. ही भारतातील लहान जातीची मुंगसे होती. प्रारंभी उंदीर कमी झाले. जो तो त्या मळेवाल्याची प्रशंसा करू लागला. आजूबाजूच्या बेटांनी मुंगसे नेली. १८८३ साली ती पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवरही पोहोचली. परंतु उंदीर मुख्यतः रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा हिंडते, या साध्या गोष्टीचा विचार कोणी केला नव्हता. उंदीर पुरते संपले नाहीत. मुंगसांनी मग जे सहज मिळेल ते खाण्यास आरंभ केला. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, कोंबड्यांची पिल्ले, सरडे, समुद्रकासवांची अंडी यांचा फडशा पडू लागला. त्या बेटांवरील प्राण्यांना अशा चपळ शत्रूची ओळखच नव्हती. हवाई बेटांवर 'नेने' नावाचा एक दुर्मीळ पक्षी आहे. तो 'गूस' याच जातीचा. स्पेलिंगमध्ये ज्या पक्ष्याला मुंगसाच्या नावात चुकून बसविले होते, त्याच जातीच्या पक्ष्याची अंडी तेथे मुंगूस खाऊ लागले. अमेरिकेने पुढे १९०० साली कायदा करून मुंगूस देशात आणण्यास बंदी घातली.

हा धडा पुरेसा व्हावयास हवा होता. पण तो झाला नाही. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर 'हाबू' नावाचा विषारी साप आहे. त्याचा नायनाट व्हावा म्हणून १९७९ च्या सुमारास तेथे सुमारे तीस मुंगसे सोडण्यात आली. 'मांगूसु' सापाचा शत्रू आहे, एवढे सर्वांना माहीत होते. पण हाबू रात्री बाहेर पडतो आणि मुंगूस रात्री झोपते. दोघांची गाठ क्वचितच पडली. मुंगसांनी साप सोडून त्या बेटावरील दुर्मीळ सशांवर ताव मारला. ही मुंगसे पुन्हा पकडून नाहीशी करण्यासाठी जपान सरकारला कित्येक वर्षे कष्ट करावे लागले. बेट मुंगूसमुक्त झाल्याची घोषणा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये झाली. यात दोष मुंगसाचा नव्हता. त्याला कोणी विचारून जहाजात घातले नव्हते. दोष होता तो अर्धवट ज्ञानाचा. परदेशी लोकांनी नाव घेतले, प्राणी घेतला, पण त्याची दिनचर्या जेथे दिसते तो शेताचा बांध काही त्यांनी पाहिला नाही.

परंतु परक्यांना नावे ठेवून आपली सुटका होत नाही. पंचतंत्रातील कथा सर्वांना ठाऊक आहे. पाळण्यातील बाळाला सापापासून वाचविणाऱ्या मुंगसाचे तोंड रक्ताने माखलेले दिसले. त्याने बाळालाच मारले असे समजून आईने त्याचा प्राण घेतला, आणि मग घरात जाऊन पाहिले तो बाळ सुखरूप! ही कथा आपल्याकडे शेकडो वर्षे सांगितली जात आहे. तरीही मुंगसाचा नाहक बळी घेणे थांबलेले नाही. चित्रकलेचे चांगले कुंचले मुंगसाच्या केसांचे असतात, म्हणून केवळ त्या केसांसाठी मुंगसे मारली जात आली आहेत. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने मुंगसाला मारणे आणि त्याच्या केसांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. कृत्रिम केसांचे कुंचले बाजारात सहज मिळतात आणि चित्रे त्यांनीही तितकीच सुरेख रंगतात. दुकानात कुंचला घेताना तो कशाचा आहे असे विचारणे, हे कोणत्याही विद्यार्थ्याला जमण्यासारखे काम आहे. त्या एका प्रश्नाने कदाचित पंचतंत्रातील आईच्या हातून घडलेली चूक आपल्या हातून घडावयाची टळेल.

देहूचा परिसर आज पालटला आहे. एका बाजूला पिंपरी-चिंचवड आणि तळवडे, दुसऱ्या बाजूला चाकण, असे कारखान्यांचे जाळे भोवती पसरले आहे. बांध जाऊन भिंती आल्या, झुडपे जाऊन रस्ते आले. तरी नदीकाठच्या उरल्यासुरल्या झाडीत, डोंगराच्या पायथ्याशी, कधी एखाद्या बांधकामाच्या विटांच्या ढिगाआडून मुंगूस अजून डोके वर काढते. ज्या दिवशी ते दिसेनासे होईल, त्या दिवशी इथल्या मुलांपाशीही जमैकातील मळेवाल्यांप्रमाणे नुसता शब्द उरेल. कोश उघडला की त्यात लिहिलेले असेल: मुंगूस, एक प्राणी, सापाचा शत्रू. एवढाच अर्थ म्हणजे अर्धा अर्थ. उरलेला अर्धा कोणत्याही कोशात मावत नाही. तो सकाळच्या उन्हात, शेताच्या बांधावर, मागच्या दोन पायांवर उभा राहून क्षणभर आपल्याकडे पाहतो.

तुकाराम महाराजांनी शब्दांना धन मानले. धन बाळगणाऱ्याला ते कोठून आले, त्याचे मोल काय आणि ते कसे राखावे, हे ठाऊक असावे लागते. दख्खनच्या रानातला एक लहानसा शब्द जगभर हिंडून आला. त्याचे इंग्रजी अनेकवचन 'मॉंगूसेस' आणि मराठी अनेकवचन 'मुंगसे' हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. पण अनेकवचन केवळ वहीत शुद्ध असून भागत नाही. इंद्रायणीच्या काठीही मुंगसाचे अनेकवचनच राहिले पाहिजे.

स्वाध्याय

१. 'मॉंगूस' या शब्दाचे अनेकवचन 'मॉंगीस' असे का होत नाही, ते तुमच्या शब्दांत सांगा.

२. लोकव्युत्पत्ती म्हणजे काय? पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

३. जमैका आणि अमामी ओशिमा या बेटांवर मुंगसे सोडणाऱ्यांची कोणती एक चूक समान होती?

४. पुढील शब्दांची 'ला' प्रत्यय लावून रूपे लिहा: मुंगूस, कापूस, लाकूड, माणूस, बेडूक.

५. 'मुंगसाचे अनेकवचन राहिले पाहिजे' या पाठातील अखेरच्या विचाराचे दोन अर्थ सांगा.

६. तुमच्या गावी किंवा परिसरात दिसणाऱ्या एका रानटी प्राण्याची आठवडाभर माहिती मिळवा. तो केव्हा बाहेर पडतो, काय खातो, कोठे राहतो, आणि तुमच्या भागात त्याला कोणकोणत्या नावांनी ओळखतात, हे दहा ओळींत लिहा.